वॅगनांमागची वाफ

क्लिफर्ड एअरीच्या घरात अंघोळीला जायचं तर आधी दार वाजवावं लागे. आत माणूस असेलच असं नाही, पण इंजिन नक्की असे. केंडल गावातल्या भिंतीला भिंत लागून उभ्या असलेल्या दगडी घरांपैकी ते एक घर, आणि त्यात न्हाणीघर एकच. त्याच्या खिडकीला क्लिफर्डने जुनं घोंगडं ठोकलेलं होतं. टबावर आडवी फळी, फळीवर फोटो धुवायच्या औषधांच्या थाळ्या, आणि कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी टांगलेले ओले फोटो. सगळे वाफेच्या इंजिनांचे. आत गेलं की व्हिनेगरसारखा आंबूस वास नाकात बसे आणि शाळेत जाईपर्यंत निघत नसे.

एडना, त्याची बायको, खांद्यावर टॉवेल टाकून दाराबाहेर उभी राही.

"क्लिफ, आज कोण आहे आत?"

"शॅपच्या चढावरचं."

"त्याला म्हणावं, पाठ चोळून झाली असेल तर बाहेर ये. पोरीची शाळा आहे."

पोरगी म्हणजे मेरियन, त्यांची एकुलती एक. तिला पुढे कित्येक वर्षं इंजिन आणि अंघोळ या दोन गोष्टी वेगळ्या काढता आल्या नाहीत.

क्लिफर्ड बुटांच्या कारखान्यात चामडं कापायचा. आठवडाभर मान खाली. शनिवारी दुपारी भोंगा झाला की मात्र तो वेगळाच माणूस होई. मोटरसायकलला जोडलेल्या साइडकारमध्ये एडना बसे. "कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर आणि लेक पायाशी," असं ती शेजारणींना सांगायची, आणि ते फारसं खोटंही नव्हतं. मग तिघं डोंगरात कुठेतरी रुळाकाठी जात. एडना भिंतीच्या आडोशाला बसून विणायची. मेरियन मेंढ्या मोजायची. क्लिफर्ड तिवईवर कॅमेरा लावून वाट बघत उभा राही. तास जात. मग दरीच्या टोकाला धुराचा एक पुंजका दिसे आणि तो न वळता म्हणे, "मेरियन, बाजूला हो."

त्याच्या चौकटीत माणूस चालत नसे. कुणाचा हात नको, टोपी नको, सावलीसुद्धा नको. इंजिन, रूळ, डोंगर आणि आभाळ, बस. वडिलांच्या तोंडून आपण सगळ्यात जास्त वेळा काय ऐकलं, असं मेरियनला कुणी विचारलं असतं, तर तिने हेच सांगितलं असतं: बाजूला हो. तो रागावून म्हणायचा नाही. पाऊस आला तर छत्री घे म्हणावं, तसं म्हणायचा. तीही बाजूला व्हायची, आणि होता होता तिला तिथेच राहायची सवय लागली.

रुळाकाठी त्याच्यासारखीच हौशी माणसं जमत, आणि त्यांचे नियम ठरलेले होते. उशिरा येणाऱ्याने मागे उभं राहायचं. गाडी येताना बोलायचं नाही, कारण कार्लाइलचा सिरिल तिथे असायचा. सिरिलला फोटोंत रस नव्हता. तो इंजिनांचे आवाज टिपायचा, सुटकेसएवढं यंत्र घेऊन. त्याच्या टेपवर कुणी शिंकलेलं ऐकू आलं, तर शिंकणाऱ्याला ते पुढची दहा वर्षं ऐकावं लागे.

आणि त्यांचा एक शब्द होता. बोल्ड. शब्द क्रिकेटमधला, पण या लोकांनी तो आपल्या कामाला जुंपला होता. दिवसभर ज्या गाडीसाठी थांबलात ती समोर यावी, आणि नेमक्या त्याच क्षणी अलीकडच्या रुळावरून दुसरी एखादी गाडी आडवी जावी, की तुम्ही बोल्ड. मग सगळी रांग एका सुरात कण्हायची, थर्मास उघडायची आणि घरी जायची. क्लिफर्ड घरी येऊन जेवणाच्या टेबलाशी म्हणायचा, "बोल्ड झालो," आणि एडना त्याच्या ताटात बटाटे जरा जास्त वाढायची.

अडुसष्टच्या ऑगस्टात वाफेची इंजिनं बंद झाली. क्लिफर्डने कॅमेरा जिन्याखालच्या खिळ्याला टांगला. न्हाणीघराच्या खिडकीत उजेड आला. एडना शेजारणीला म्हणाली, "इंजिन गेलं आणि नवरा घरी आला. आता याचं मी करू काय?" तो खुर्चीत बसून असायचा. रेडिओ लावायचा आणि ऐकायचा नाही. काही वर्षांनी हौशी मंडळींनी जुनी इंजिनं दुरुस्त करून सहलीच्या गाड्या चालवायला सुरुवात केली, तेव्हा एडनानेच कॅमेरा खिळ्यावरून काढला, पुसला आणि त्याच्यापुढे ठेवला. तोवर मेरियन नर्स होऊन लेस्टरला गेली होती. तिथेच लग्न झालं, मुलं झाली, आणि वाफेचा वास तिच्या केसांतून कायमचा गेला.

मग एक्क्याण्णवचा ऑक्टोबर आला. एडनाला छातीत दुखतं म्हणून इस्पितळात ठेवलं होतं. काळजीचं काही नाही, सोमवारी घरी सोडू, असं डॉक्टर म्हणाले होते. मेरियनने रविवारची गाडी बघून ठेवली होती. शनिवारी संध्याकाळी फोन वाजला.

"मेरियन," वडील म्हणाले.  मग म्हणाले, "बोल्ड झालो."

तिला कळेना. ती म्हणाली, "बाबा, आई कशी आहे?"

"तेच सांगतोय. आई गेली."

ती रातोरात निघाली. घराचं दार उघडल्यावर तिला पहिल्यांदा दिसले ते वडिलांचे चिखलाने भरलेले बूट. शेजारी कॅमेऱ्याची पिशवी, तिवई, आणि तिवईच्या पायांना चिकटलेलं ओलं गवत. तिने ते पाहिलं आणि तिच्या मनात सगळा हिशोब आपोआप जुळला. आई तिकडे जात होती आणि हा डोंगरावर उभा होता. आणि त्याचं दुःख त्याने सांगितलं कसं, तर हुकलेल्या फोटोच्या शब्दात.

तिने विचारलं नाही. त्यांच्या घरात विचारायची रीत नव्हती. तिने बूट उचलले, मागच्या दारी नेऊन धुतले, वर्तमानपत्र कोंबून शेगडीपाशी ठेवले. अंत्यविधीनंतर सँडविचं वाढली, लोकांचे कोट हातात दिले आणि लेस्टरला परत गेली.

त्यानंतर अठरा वर्षं दर रविवारी फोन. न चुकता. हवा कशी आहे, गॅस बंद केलास का, जिन्यावरचा दिवा बदललास का, मोजे लोकरीचे घाल. काळजी करण्यात मेरियन कुठे कमी पडली नाही. पोरांचे ताप, परीक्षा, रात्रीचं उशिरा येणं यांतून जी काय काळजी उरे, ती सगळी ती उत्तरेला वडिलांकडे पाठवत असे. पण काळजी करणं निराळं आणि जवळ बसणं निराळं. सुट्टीत गेली तर ती खिडक्या पुसायची, पडदे धुवायची, फ्रीज आवरायची. बापलेक एकाच खोलीत असले की दोघांपैकी एक जण कायम काहीतरी शोधत असे.

मग क्लिफर्डचे डोळे गेले. पुरते नाही. मधोमध डाग पडला, कडा तेवढ्या राहिल्या. "ज्याच्याकडे बघावं तेवढंच दिसत नाही," तो फोनवर म्हणाला. "आजूबाजूचं सगळं दिसतं. गंमत आहे."

गंमत तिला वाटली नाही. तिने वृद्धाश्रमांची माहिती मागवली आणि पलंगाखाली सरकवून ठेवली.

त्या वर्षी ऑक्टोबरात, रविवार नसताना, त्याचा फोन आला. तिने उचलताच विचारलं.

"पडलास का?"

"नाही. शनिवारी गाडी आहे. सिरिलला नेणारं कुणी आहे, मला नाही. तू नेशील का?"

"कुठे?"

"मॅलरस्टँगला. वरच्या वळणावर. तिथला एक फोटो माझा राहिलाय. कॅमेरा मी लावीन. बटण तू दाब."

ती जागा तिला माहीत होती. आई गेली त्या दिवशीच्या पिशवीतून डोकावणारा गाड्यांच्या वेळांचा कागद तिने पाहिला होता, त्यावर त्याच वळणाभोवती पेन्सिलने गोल केलेला होता. अठरा वर्षांत त्याने तिच्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे. नाही म्हणावं असं तिच्या ओठांवर आलं. पण नाही म्हटलं तर हा टॅक्सी करून जाईल, ओल्या गवतात घसरेल आणि मेंढ्यांशिवाय कुणाला कळणार नाही, हेही तिला स्वच्छ दिसत होतं.

"लोकरीचे मोजे घाल," ती म्हणाली.

शनिवारी वारा असा होता की गाडीचं दार हातातून सुटत होतं. तिने त्याची लोकरी टोपी नीट बसवली आणि त्याचा दंड धरून शेत ओलांडलं. भिंतीशी माणसांची रांग होती. नियमाप्रमाणे त्यांनी मागे उभं राहायला हवं होतं, पण कुणीतरी म्हणालं, "क्लिफ आलाय," आणि तिवया सरकल्या. पुढे जागा झाली.

सिरिल तिथे होताच, दोन्ही कानांत यंत्रं घालून.

"ही लेक ना तुझी? मेंढ्या मोजायची ती?"

"तीच," क्लिफर्ड ओरडला.

"काय?"

"तीच!"

"आमचं बघ," सिरिल मेरियनला म्हणाला. "आवाज टिपणारा बहिरा झाला आणि फोटो काढणारा आंधळा. आता दोघांत मिळून एक धड माणूस होतो. तोसुद्धा जरा कुबट वासाचा."

क्लिफर्डने तिवई उभी केली. बोटांनी चाचपून, टिकटिक मोजत, त्याने कॅमेऱ्याचे आकडे लावले. मग तिला कॅमेऱ्यामागे उभं केलं.

"भिंत तुटलेली दिसते? तिच्यावर एक खांब आहे?"

"हो."

"इंजिनाचं तोंड खांबाशी आलं की दाब. आधी नको, नंतर नको. एकच मिळतो. आणि घाबरू नकोस."

"मी कुठे घाबरलेय?"

"श्वास ऐकू येतोय मला."

गाडीला उशीर होता. अंड्याची सँडविचं संपली, चहा संपला. तिची बोटं बधिर झाली. आपण इथे रागाने आलो होतो, हे तिला मध्येच आठवलं. पण खांबावरून नजर हलत नव्हती. ऊन गेलं की ते परत येईपर्यंत ती मनात आकडे मोजू लागे. लहानपणी वडिलांच्या ज्या पाठीकडे बघत ती बसायची, त्या पाठीच्या पुढे काय चाललेलं असतं हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं. तिला तो फोटो हवा होता. त्याच्यासाठी की स्वतःसाठी, ते सांगता आलं नसतं.

क्लिफर्डने मान डावीकडे वळवली. "आली."

कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. मग आलं. दरीच्या तळातून, चढावर धापा टाकत येणाऱ्या जनावरासारखं. मेरियनचं बोट बटणावर होतं. धुराचा पुंजका दिसला, झाडांमागे गेला, पुन्हा दिसला. ऊन होतं.

तेवढ्यात क्लिफर्डची मान उजवीकडे वळली, आणि त्याचा चेहरा पडला. तिला ते कडेकडेने दिसलं. क्षणभराने सिरिल पुटपुटला, "अरे देवा. उजवीकडे बघा."

अलीकडच्या रुळावरून कोळशाच्या रिकाम्या वॅगन येत होत्या. उंच, गंजलेल्या, एकामागून एक, खडखडत. पहिली वॅगन खांबापुढून गेली आणि त्याच वेळी पलीकडून इंजिन आलं. सगळी रांग कण्हली. मेरियनने बटण दाबलं. का दाबलं, तिला सांगता आलं नसतं. हात भिंतीवर होता. ते प्रचंड धूड पलीकडून जात असल्याचं भिंतीच्या दगडांतून तिच्या तळव्याला कळत होतं. छातीत दणके बसत होते. वॅगनांच्या वर पांढरी वाफ उसळत होती. इंजिन दगड फेकावा एवढ्या अंतरावर होतं आणि तिला ते दिसत नव्हतं.

मग आवाज वर चढत लांब गेला. वॅगन चालूच होत्या, चालूच होत्या. शेवटची गेली तेव्हा रूळ रिकामे होते.

"ऐकलंस?" क्लिफर्डने विचारलं.

"ऐकलं."

"कशी होती?"

"दिसली नाही, बाबा," ती म्हणाली. "बोल्ड झालो."

त्याने मान डोलावली. रिकाम्या रुळांकडे तोंड करून, थोडी तिरकी मान करून तो उभा राहिला. हल्ली त्याला काही बघायचं असलं की तो असाच तिरका बघायचा.

"तुझ्या आईच्या वेळी हेच झालं," तो म्हणाला.



"मी आत गेलो तर पलंगाभोवती पडदा ओढलेला. डॉक्टर, नर्सा, सगळे आत. मला म्हणाले, तिथेच थांबा. मी थांबलो. तिचा श्वास ऐकू येत होता. एकदा माझं नाव घेतलं तिने. मी म्हटलं, इथे आहे. तिला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. माणसं सारखी इकडून तिकडे होत होती. मग पडदा सारला."

वारा सुटला होता. रांगेतली माणसं तिवया मिटत होती.

"तू तर इथे होतास," मेरियन म्हणाली. तिला तिचाच आवाज ओळखू आला नाही.

"सकाळी होतो. गाडीला उशीर होता. भेटायची वेळ दुपारची, आणि तिने पेपरमिंटच्या वड्या आणायला सांगितल्या होत्या. मग निघालो. ऊन छान होतं." तो जरा हसला. "सिरिल म्हणाला, वेडा झालास का, आता येईल. तो फोटो तेव्हाचा राहिलाय."

"मला कधी बोलला नाहीस."

क्लिफर्डने तिच्याकडे तोंड वळवलं. तिच्याकडे बघायचं म्हणून तो तिच्या कानाच्या मागे कुठेतरी बघत होता. त्याला खरंच नवल वाटलेलं दिसलं.

"सांगितलं की. फोनवर. पहिल्यांदा तेच सांगितलं."

 अठरा वर्षं आपण मनात काय धरून बसलो होतो ते याला आता सांगावं, की सांगू नये? सांगितलं तर आपलं मन हलकं होईल आणि याचं जड. या वयात याला त्या दगडी घरात एकट्यानेच झोपायचं होतं. तिने तिवईचा स्क्रू सैल केला आणि कॅमेरा काढून पिशवीत ठेवला.

"काय म्हणतोय तो?" सिरिलने मोठ्याने विचारलं.

"चहा संपलाय म्हणतो," मेरियन म्हणाली.

परतीच्या वाटेवर क्लिफर्ड झोपला. तिने एका हाताने त्याच्या गुडघ्यांवरची शाल नीट केली. घरी आल्यावर त्याचे बूट काढले, मागच्या दारी नेले आणि धुतले. वर्तमानपत्र कोंबताना ती बराच वेळ तिथेच बसली. न्हाणीघरात अजून ती दोरी होती, चिमट्यांसकट. त्याने हाक मारली तेव्हा ती उठली.

फिल्म तिने लेस्टरच्या दुकानात धुवून घेतली. त्या रविवारी फोनवर हवा झाली, गॅस झाला, मोजे झाले. मग तो म्हणाला, "फोटो आला का?"

"आलाय. समोरच आहे."

"काय दिसतंय?"

"वॅगन," ती म्हणाली. "नुसत्या वॅगन. आणि त्यांच्या वर वाफ."

"किती वर?"

"डोंगराच्या कड्यापर्यंत. कापसासारखी आहे. टोकाला जरा वाकलीय."

"कुठे?"

"उजवीकडे."

"मग वारा मागून होता."  तो फोटो मनात लावत होता. "आणि खांब?"

"वॅगनच्या मागे गेलाय. वरचं टोक दिसतं."

"म्हणजे बरोबर वेळेला दाबलंस. ती तिथेच होती." आणि मग, जुन्या सवयीने, "चौकटीत कुणी आलं तर नाही ना? कोपऱ्यात वगैरे?"

फोटोच्या डाव्या कोपऱ्यात एक धूसर लोकरी टोपी होती. तिच्याखाली म्हातारा कान, वॅगनांच्या दिशेने वळलेला. चौकट कुठे संपते ते त्याला दिसत नव्हतं, आणि बाजूला हो असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं.

"नाही," मेरियन म्हणाली. "कुणीच नाही."

"छान," तो म्हणाला. "जिन्यावरचा दिवा बदललाय मी." आणि त्याने फोन ठेवला.